गिरगावात घर मिळेल. राहायला परवडेल का?

२००१ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतच्या जुन्या मुंबईची लोकसंख्या ३३ लाख ३८ हजार होती. २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजारांवर आली. दहा वर्षांत अडीच लाख माणसे कमी झाली. ही दहा वर्षे दुष्काळाची किंवा साथीची नव्हती. याच काळात गिरण्यांच्या जमिनींवर टॉवर चढले आणि जुन्या चाळी पाडून उंच इमारती बांधण्याच्या कामाने वेग घेतला. याच काळात तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा ८१ लाखांवरून १ कोटी १० लाखांवर गेला. जुन्या शहरातली घट एकाच कारणाने झाली असे म्हणता येणार नाही. कुटुंबे लहान झाली, कित्येक घरांची कार्यालये आणि गोदामे झाली. तरी एक गोष्ट या आकड्यांतून नाकारता येत नाही. बांधकामाचे चौरस फूट वाढले आणि राहणारी माणसे घटली. जुन्या वस्तीच्या पुनर्विकासाबद्दल आपण जे काही बोलतो, त्याची सुरुवात या विसंगतीपासून व्हायला हवी. दक्षिण मुंबईतले गिरगाव हे तिचे सर्वांत स्पष्ट उदाहरण आहे.

गिरगाव एकदम वसले नाही, ते वाडीवाडीने वाढले. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी ही नावे इथे कधी काय पिकत होते ते सांगतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांनी आपली जमीन तुकड्यांनी ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना विकली आणि लाकडी जिन्यांची, व्हरांड्यांची खोताची वाडी उभी राहिली. पुढे कोकणातून आणि देशावरून आलेल्या कारकून, शिक्षक, छापखान्यातले जुळारी, दुकानांतले नोकर यांच्यासाठी चाळी बांधल्या गेल्या. केशवजी नाईक चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव सुरू आहे. शांताराम चाळीच्या पटांगणात राष्ट्रीय चळवळीच्या सभा भरत. केळेवाडीत साहित्य संघाचे नाट्यगृह आहे आणि त्याच्या अवतीभवती शाळा, वाचनालये, खानावळी, व्यायामशाळा वाढल्या. हे सगळे एका साध्या आर्थिक पायावर उभे होते. बेताच्या पगाराच्या माणसाला नोकरीपासून चालत जाता येईल अशा अंतरावर राहणे परवडत होते. संध्याकाळी तासभर मोकळा मिळत होता, म्हणून तालमी झाल्या, व्याख्यानांना गर्दी झाली, वाचनालयांना सभासद मिळाले. गिरगावची संस्कृती म्हणून ज्याचे कौतुक होते, तिच्या मुळाशी हे परवडणारे भाडे आणि हा वाचलेला तास होता.

या भाड्याचा इतिहास मात्र निर्मळ नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधून टाकली. युद्धानंतरच्या टंचाईत आणि फाळणीच्या लोंढ्यात तो निर्णय योग्यच होता, पण तात्पुरता म्हणून आलेला कायदा मुदतवाढ घेत पन्नास वर्षे टिकला. महिन्याला दहा-वीस रुपये भाडे मिळणाऱ्या मालकाने इमारतीवर खर्च का करावा, या प्रश्नाला उत्तर नव्हते. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही प्रमाण भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी झाल्याचे सांगितले. त्यानंतर २००० मध्ये लागू झालेल्या नव्या कायद्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली, पागडीलाही, म्हणजे भाड्याच्या जागेसाठी दिल्या जाणाऱ्या एकरकमी पैशालाही, कायदेशीर मान्यता दिली. पण मूळ आकडाच इतका लहान होता की चार टक्क्यांनी जिन्याची एक पायरीही दुरुस्त होत नव्हती. त्याआधीच १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले आणि उपकर भरणाऱ्या १९ हजार ६४२ इमारती त्याच्या कक्षेत आल्या. दुरुस्तीच्या खर्चाला मर्यादा होती. ती ओलांडली की टेकू लावायचे आणि वाट पाहायची. मालक आणि भाडेकरू दोघांनाही या व्यवस्थेने नाडले. तिचे गोडवे गाण्यात अर्थ नाही. तिच्या जागी आपण काय आणले, ते मात्र नीट पाहायला हवे.

आणले ते विकास नियंत्रण नियमावलीतले कलम ३३ (७). त्याची कल्पना चतुर आहे. सरकारने तिजोरीतून एक रुपया काढायचा नाही. विकासकाने जुन्या भाडेकरूंना त्याच जागी मोफत, मालकीचे घर द्यायचे; त्या बदल्यात त्याला जादा चटईक्षेत्र, म्हणजे जास्त बांधकामाची परवानगी, मिळते आणि त्यावर बांधलेली घरे तो बाजारभावाने विकतो. १९९९ नंतर ही सवलत मोठ्या प्रमाणावर वाढली, पुढे किमान घर ३०० चौरस फुटांचे ठरले आणि संमतीची अट ७० टक्क्यांवरून ५१ वर आली. या योजनेच्या बाजूने एक गोष्ट ठामपणे सांगितली पाहिजे: तिने भाडेकरूला मूळ जागेवरचा हक्क दिला. गिरणगावाशी, म्हणजे कापड गिरण्यांच्या वस्तीशी, तुलना केली की हे कळते. तिथे १९९१ च्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश भाग मोकळ्या जागांसाठी आणि एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी राखला होता. २००१ मध्ये त्या नियमाचा अर्थ केवळ मोकळ्या जमिनीपुरता केला गेला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल उचलून धरला आणि शहराच्या वाट्याला यायची बहुतेक जमीन हातची गेली. नियमातला एक शब्द बदलला की शहराची एक पिढी कुठे राहणार तेही बदलते. म्हणून ३३ (७) ने जे दिले त्याची कदर करूनच, तो कुठे थांबतो ते पाहावे लागते.

तो थांबतो चावी देण्यापाशी. कायदा खोली मोजतो, संमतीपत्रे मोजतो, चटईक्षेत्र मोजतो. घराचा ताबा दिला की त्याच्या लेखी पुनर्वसन पूर्ण झाले. गिरगावातून माणसे खरी बाहेर पडतात ती त्यानंतर. चाळीतल्या खोलीचे भाडे शे-दोनशे रुपये असते. नव्या इमारतीत लिफ्ट, पंप, अग्निशमन यंत्रणा, यांत्रिक वाहनतळ, सुरक्षारक्षक आणि मालमत्ता कर यांचा वाटा दरमहा भरावा लागतो. चौरस फुटाला दहा रुपये धरले तरी ४०० चौरस फुटांच्या घराचे महिन्याला चार हजार होतात. निवृत्त गिरणी कारकुनाला, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या विधवेला, शाळेतल्या शिपायाला हा दुसरा संसार आहे. नियमावलीने यासाठी विकासकाकडून देखभाल निधी घ्यायला सांगितले आहे, पण तो दहा वर्षांच्या हिशेबाने. इमारत नवी असताना खर्च कमी असतो. लिफ्ट बदलायची, गळती काढायची वेळ येते ती नेमकी निधी आटल्यावर. त्यात घर आता मालकीचे झाल्यामुळे त्याची वाटणीही होते. चार भावंडांपैकी तिघे डोंबिवली-बदलापूरला असतील तर त्यांचा हिस्सा देण्याचा एकच मार्ग उरतो: घर विकणे. कुणी धमकावत नाही, सामान रस्त्यावर टाकत नाही. दरमहाचे बिल आणि दलालाचा फोन ही दोन साधने पुरतात.

चावी मिळण्याआधीची गळतीही थोडी नाही. चाळ पाडल्यावर भाडेकरूला पर्यायी जागेसाठी भाडे मिळते, ते प्रकल्प सुरळीत चालला तर. विकासक अडचणीत आला की भाडे थांबते आणि तीन वर्षांची मुदत दहा-पंधरा वर्षांवर जाते. म्हाडाच्या, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाच्या, संक्रमण शिबिरांत काही कुटुंबांच्या दोन पिढ्या गेल्या. मुलांच्या शाळा बदलल्या, म्हातारी माणसे परक्या ठिकाणी वारली. मग परतायचे कुणी? शिवाय ज्यांच्या नावावर कागदच नाही त्यांची गणती कुठल्याच यादीत होत नाही. खानावळीच्या माळ्यावर झोपणारा वाढपी, कुटुंबात पैसे देऊन राहणारा विद्यार्थी, जिन्याखाली इस्त्रीचे टेबल लावणारा माणूस, वाडीच्या तोंडाशी बसणारी फुलवाली यांच्यामुळे गिरगाव चालत होते. पात्र भाडेकरूंच्या यादीत हे कुणीच नाहीत. ऑक्टोबर २०२५ पासून मेट्रो ३ पूर्ण मार्गावर धावते आहे, गिरगावला भुयारी स्थानक मिळाले आहे आणि मेट्रोच्या कामात बाधित झालेल्या कुटुंबांचे पुनर्वसन त्याच भागात करायचे ठरले आहे. ही चांगलीच गोष्ट आहे. पण स्थानक आले की आसपासच्या प्रत्येक खोलीची किंमत वाढते, आणि सार्वजनिक पैशातून झालेली ही वाढ परत सार्वजनिक उपयोगाला यावी यासाठी तिथल्या रहिवाशांच्या बाजूने कोणतीच तरतूद नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. चाळीचे कौतुक करणाऱ्यांनी सामायिक संडासाच्या रांगेत उभे राहून दाखवावे, असे अनेक गिरगावकर स्त्रियाच सांगतील. दहा बाय बाराच्या खोलीत सासू-सासरे, दीर आणि मुले असताना नव्या सुनेची काय ओढाताण होते, ते स्मरणरंजनाच्या लेखांत येत नाही. आणि प्रश्न नुसत्या सोयीचा नाही. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून तेहतीस माणसे गेली. जुलै २०१९ मध्ये डोंगरीत आणि जुलै २०२० मध्ये फोर्टमध्ये पुन्हा तेच झाले. दर पावसाळ्यात अतिधोकादायक इमारतींची यादी निघते आणि त्या यादीतल्या घरांत माणसे रात्री झोपतात. त्यामुळे चाळी जशा आहेत तशा ठेवा, असे म्हणण्याचा हक्क कुणालाच नाही. जुन्या इमारती पाडाव्या लागतील, उंच बांधाव्या लागतील आणि प्रत्येक घरात स्वतंत्र संडास असलाच पाहिजे. इथे वाद पाडण्याविषयी नाही. ज्या माणसाला पडत्या छपरापासून वाचवण्यासाठी हा सगळा खटाटोप केला, तोच माणूस नव्या छपराखाली टिकला का, एवढेच विचारायचे आहे. तो विरारला गेला असेल तर आपण इमारत सुरक्षित केली, वस्ती हलवली.

दुसरा आक्षेप स्वातंत्र्याचा आहे. घर विकून ज्याला दोन-तीन कोटी मिळतात, त्याच्याविषयी हळहळ कशाला? मुलांचे शिक्षण होते, उपनगरात दोन बेडरूमचे घर येते, उरलेले पैसे बँकेत पडतात. खरे आहे, अनेकांसाठी तो त्यांच्या आयुष्यातला सर्वांत शहाणपणाचा व्यवहार असतो आणि तो करण्याचा त्यांचा हक्क काढून घेऊ नये. पण राजीखुशीने विकणे आणि बिल झेपत नाही म्हणून विकणे यात फरक आहे, आणि तो फरक आज कुणीच नोंदवत नाही. शिवाय विकणाऱ्याला मोबदला मिळतो, शहराला मिळत नाही. ते घर एकदा बाजारात गेले की पुढच्या शिक्षकाला, परिचारिकेला, बेस्टच्या वाहकाला कधीच परवडणार नाही. दक्षिण मुंबईत काम करणारी ही माणसे रोज तीन-चार तास लोकलमध्ये घालवतात. एका कुटुंबाचा रास्त फायदा आणि शहराचे कायमचे नुकसान एकाच व्यवहारात होऊ शकते. धोरणाचे काम या दुसऱ्या बाजूकडे पाहण्याचे आहे.

तिसरा आक्षेप इतिहासाचा आहे. शहर बदलतेच, खोताची वाडीही जमीन विकण्यातूनच जन्मली, मग आजच्या विक्रीला अडवायचे का? १९६४ मध्ये रूथ ग्लास यांनी लंडनच्या कामगार वस्त्यांत मध्यमवर्ग शिरताना पाहून ‘जेंट्रिफिकेशन’ हा शब्द वापरला, तेव्हाही हाच युक्तिवाद झाला असणार. पण बदलाबदलांत फरक असतो. खोतांच्या विक्रीतून एका मालकाच्या जागी अनेक कुटुंबे आली, चाळींमुळे तर त्याच जमिनीवर शेकडो माणसे मावली. आजचा बदल उलट्या दिशेचा आहे: तीच जमीन, अधिक मजले, कमी माणसे, आणि कित्येक घरे गुंतवणूक म्हणून कुलूपबंद. केवळ वारसा यादीत नाव घालून हे थांबत नाही. मुंबईने १९९५ मध्ये देशात सर्वांत आधी वारसा नियमावली केली आणि खोताची वाडी तिच्यात आहे. तरी एकेकाळच्या साठ-पासष्ट घरांपैकी निम्मीही आज उरलेली नाहीत. लाकडी घर राखण्याचा खर्च एकट्या कुटुंबाने सोसायचा आणि त्याचे छायाचित्र साऱ्या शहराने काढायचे, असा हा व्यवहार आहे. इटलीतल्या बोलोन्या नगरपालिकेने १९७० च्या दशकात जुन्या मध्यवस्तीची डागडुजी हाती घेतली तेव्हा तिथल्या भाडेकरूंनाही आराखड्यात धरले. घर दुरुस्त व्हावे आणि राहणाराही तोच राहावा, असा तो विचार होता. आपल्या वारसा यादीत कमानी आहेत, कठडे आहेत, रहिवासी नाहीत.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: पुन्हा नवी बंधने घातली तर १९४७ ची चूक पुन्हा होईल, आणि या वेळीही किंमत दुसऱ्याच कुणाला मोजावी लागेल. या इशाऱ्याला इतिहासाचा आधार आहे. १९८६ मध्ये म्हाडा कायद्यात आठ-अ हे प्रकरण आले. ७० टक्के रहिवाशांनी सहकारी संस्था केली तर मासिक भाड्याच्या शंभर पट रक्कम देऊन इमारत संपादित करून त्यांना द्यायची, अशी ती तरतूद. मालकांनी तिला आव्हान दिले आणि १९९२ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेल्या या प्रकरणात नऊ न्यायमूर्तींचा निकाल ५ नोव्हेंबर २०२४ ला आला. प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही, असे बहुमताने सांगितले गेले. शंभर महिन्यांच्या नाममात्र भाड्यात इमारत घेणे मालकावर अन्याय करणारे होतेच. म्हणून यापुढचा मार्ग मालकाला लुबाडणारा नसावा आणि विक्री गोठवणाराही नसावा. म्हाडा कायद्यात नव्याने केलेल्या ७९-अ कलमाने मालकाला आधी सहा महिन्यांची संधी आणि नंतर भाडेकरूंच्या संस्थेला संधी देण्याची पायरी आखली आहे. तिच्या अंमलबजावणीवरून न्यायालयात वाद झाले, पण मालकाला रास्त मोबदला देऊन रहिवाशांना पुनर्विकासाचे सूत्रधार करण्याची दिशा बरोबर आहे.

याच दिशेने आणखी तीन पावले टाकता येतील. पहिले देखभालीचे. जुन्या रहिवाशांच्या इमारतीचा आराखडा कमी खर्चात चालेल असाच असावा, तिचा हिशेब विक्रीच्या टॉवरपासून वेगळा ठेवावा आणि निधी दहा वर्षांचा न ठेवता कायमस्वरूपी असावा. त्याला तळमजल्यावरच्या एक-दोन गाळ्यांच्या भाड्याची जोड द्यावी. दुसरे विक्रीचे. पुनर्वसनातले घर विकायला निघाले तर बाजारभावानेच ते आधी घेण्याचा हक्क संस्थेला किंवा म्हाडाला असावा. विकणाऱ्याचा एक रुपयाही बुडणार नाही आणि घर परवडणाऱ्या भाड्याने याच भागात काम करणाऱ्या कुटुंबाला देता येईल. तिसरे तळमजल्याचे. खानावळ, पिठाची गिरणी, वाचनालय, गणपतीचा मांडव यांची जागा इमारतीच्या नकाशात आधी आखावी. हे अशक्य नाही. भेंडीबाजारात साडेसोळा एकरांवरच्या सुमारे २५० इमारतींचा, ३,२०० कुटुंबांचा आणि १,२५० दुकानांचा एकत्रित पुनर्विकास एक न्यास करतो आहे. दुकानदारही त्यात धरलेले आहेत आणि पहिल्या टप्प्यातली कुटुंबे नव्या घरांत आली आहेत. तिथे एका समाजाची एकजूट आणि नफ्याविना आलेला पैसा होता, ते सगळीकडे मिळणार नाही. गिरगावात ती जागा सार्वजनिक पैशाने भरून काढावी लागेल. तो पैसा आहे. जादा चटईक्षेत्रासाठी पालिका आणि राज्य सरकार अधिमूल्य घेतात. त्याचा ठरलेला वाटा ज्या वस्तीतून आला त्याच वस्तीत अशा घरांसाठी खर्च झाला पाहिजे.

मराठी माणसाच्या नावाने या विषयावर मोठी भाषणे होतात, टॉवरमध्ये मराठी कुटुंबांसाठी टक्केवारी राखण्याची मागणीही होते. भावना समजण्यासारखी आहे. आहार किंवा आडनाव पाहून घर नाकारणाऱ्या सोसायट्यांना कायद्याने वठणीवर आणलेच पाहिजे. पण पन्नास टक्के राखीव ठेवलेले घर पाच कोटींचे असेल तर ते कोणत्या मराठी शिक्षकाला मिळणार? गिरगाव मराठी राहिले ते आरक्षणाने नव्हे. तिथे ईस्ट इंडियन, गुजराती, गोवेकर शेजारी असूनही मराठी राहिले, कारण बेताच्या उत्पन्नाचे मराठी कुटुंब तिथे महिनाअखेर गाठू शकत होते. भाषा टिकवायची असेल तर आधी तो महिनाअखेरचा हिशेब जुळवून द्यावा लागेल.

गुढीपाडव्याला गिरगावच्या शोभायात्रेत नऊवारी, ढोल-ताशे आणि गुढ्या यांची गर्दी दरवर्षी वाढते. त्या गर्दीतले कितीजण संध्याकाळी चर्नी रोडहून उपनगराची गाडी पकडतात, हे सरकारला सांगता येत नाही, कारण त्याने कधी मोजलेच नाही. म्हणून सुरुवात मोजण्यापासून करावी. ३३ (७) खाली पूर्ण झालेल्या प्रत्येक इमारतीसाठी म्हाडाने दर पाच वर्षांनी एक आकडा जाहीर करावा: मूळ पात्र कुटुंबांपैकी किती आजही तिथे राहतात. नावे नकोत, कारणांची चौकशी नको, फक्त आकडा. शंभरातली ऐंशी उरली असतील तर या लेखातली चिंता अनाठायी ठरेल आणि तसे झाले तर आनंदच आहे. वीस उरली असतील, तर त्या प्रकल्पाला पुनर्वसन हा शब्द वापरणे बंद करावे लागेल आणि पुढच्या प्रकल्पाच्या परवानगीची अट त्या आकड्यावरून ठरवावी लागेल.